धारोष्ण दूध आणि जनावरांचा टीबी : शाळेत आणि घरी काय सांगायचं?



दरवर्षी २४ मार्चला आपण शाळेत जागतिक क्षयरोग दिन पाळतो. १८८२ साली याच दिवशी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. परिपाठात आपण मुलांना सांगतो, खोकताना तोंडावर रुमाल धरा, उघड्यावर थुंकू नका. पण एक गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते. टीबी गाई-म्हशींनाही होतो आणि तो दुधातून लेकरांपर्यंत येऊ शकतो. आपल्या बीड जिल्ह्यात कितीतरी घरांत माणसांचं अंगण आणि जनावरांचा गोठा यांच्यात एका भिंतीचंच अंतर असतं. म्हणून हा विषय आपल्याला नीट माहीत असायला हवा.

हा जंतू कोणता?

माणसाचा नेहमीचा टीबी 'मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस' या जंतूमुळे होतो. जनावरांच्या टीबीचा मुख्य जंतू त्याचाच भाऊबंद, त्याचं नाव 'मायकोबॅक्टेरियम बोविस'. १९०१ मध्ये खुद्द कॉख यांनीच मत मांडलं होतं की गाईच्या टीबीपासून माणसाला फारसा धोका नाही. ब्रिटनने त्यावर आयोग नेमला. दहा वर्षांच्या अभ्यासानंतर १९११ मध्ये आयोगाचा निष्कर्ष आला : धोका आहे, आणि दूध पिणाऱ्या लहान मुलांना तो विशेष आहे.

मुलांना ऐकून नवल वाटेल अशी एक गोष्ट सांगा. त्यांच्या दंडावर बीसीजी लसीचा जो व्रण आहे, ती लस गाईच्या याच जंतूपासून तयार झाली. काल्मेट आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तेरा वर्षं हा जंतू प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला. १९२१ मध्ये ही लस पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली.

रोग पसरतो कसा?

जनावराकडून जनावराकडे हा रोग मुख्यतः श्वासातून जातो. कोंदट गोठा, एकाच दावणीला जवळजवळ बांधलेली जनावरं, एकच गव्हाण, एकच हौद, असं असलं की जंतूला वाट मिळते. वासराला तो आईच्या दुधातूनही मिळतो.

आता आपल्या भागाचा विचार करा. दुष्काळात चारा छावण्या उघडतात. २०१९ च्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात शेकडो छावण्या होत्या. त्या नसत्या तर जनावरं जगली नसती, हे खरंच. पण गावोगावची जनावरं तिथं महिनोन्महिने शेजारी-शेजारी उभी होती. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे बैल कारखान्याच्या तळावर असेच एकत्र बांधले जातात. नेकनूर, हिरापूरच्या बाजारात जनावर विकत घेताना आपण दात बघतो, कास बघतो, चाल बघतो. टीबीची तपासणी कोणी करतं का?

आणि नुसतं बघून हा रोग कळत नाही. जनावर अनेक महिने, कधी वर्षानुवर्षं धडधाकट दिसतं. पुढं मग ते खंगत जातं, दूध कमी होतं, मधूनमधून ताप येतो, खोकला जात नाही, गाठी सुजतात.

भारतात आजवर झालेल्या तपासण्या एकत्र करून २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी एक अंदाज मांडला : सुमारे ७ टक्के गाई-म्हशींना लागण असावी, म्हणजे देशात दोन कोटींहून जास्त जनावरं. प्रत्येक गावात हेच प्रमाण असेल असं नाही, पण प्रश्न लहान नाही हे यावरून कळतं.

इतर देशांनी काय केलं?

अनेक देशांचा मार्ग एकच होता. सगळ्या जनावरांची तपासणी करायची, लागण निघाली की ते जनावर मारायचं आणि मालकाला भरपाई द्यायची. ऑस्ट्रेलियाने १९७० पासून ही मोहीम चालवली आणि १९९७ मध्ये देश या रोगातून मुक्त झाल्याचं जाहीर केलं.

पण रोग जंगलात शिरला की काम अवघड होतं. इंग्लंडमध्ये बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्यात हा जंतू आहे. १९९८ ते २००५ या काळात तिथं बॅजर मारून पाहण्याचा मोठा प्रयोग झाला. जिथं मारले तिथं गाईंमधला रोग कमी झाला, पण उरलेले बॅजर इकडेतिकडे पांगल्यामुळे आजूबाजूच्या भागात तो वाढला. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर अभयारण्यात रोग रानम्हशींना झाला आणि त्यांना खाणाऱ्या सिंहांपर्यंत पोचला. आपल्याही देशात, चेन्नईला, काळवीट आणि चितळ यांच्यात याच गटातला 'ऑरिजिस' नावाचा जंतू सापडला आहे. आपल्या माळरानावर काळवीट आणि गुरं एकाच पाणवठ्यावर येतात. म्हणून गोठ्यातला रोग गोठ्यातच अडवणं हे वन्यजीवांच्याही भल्याचं आहे.

मग आपल्याकडे उपाय काय?

सरसकट मारण्याचा मार्ग आपल्यासमोर नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. शिवाय ज्या घराचा किराणा एका गाईच्या दुधावर चालतो, तिथं ती गाय दावणीवरून सोडणं सोपं नसतं. तपासणीला माणूस बिचकतो तो यामुळेच. दोष काढण्यापेक्षा ही अडचण समजून घेऊन बोललं तर लोक ऐकतात. जे हातात आहे ते असं :

१. दूध उकळूनच प्यायचं. ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवलं तरी दुधातला हा जंतू मरतो. आपण तर उकळी आणतो. धारोष्ण दुधाने ताकद येते ही समजूत जुनी आहे, आणि प्रेमापोटीच आजी नातवाला धार काढता काढता पेलाभर दूध देते. तिला समजावून सांगा की उकळल्याने दुधाची ताकद जात नाही, जंतू जातो. पंचामृतालाही उकळून गार केलेलं दूध वापरा.

२. तपासणी करून घ्या. मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन टोचतात आणि ७२ तासांनी सूज मोजतात. मुलांची जी मॉन्टू तपासणी होते तिच्यासारखीच ही आहे. नवीन जनावर आणलं तर पशुवैद्यकाला दाखवेपर्यंत त्याला वेगळं बांधा.

३. लागण निघाली तर जनावर वेगळं ठेवा, त्याचं चारा-पाणी वेगळं करा. त्याचं दूध घरात वापरू नका, डेअरीलाही घालू नका. बाजारात विकू तर मुळीच नका, कारण मग रोग दुसऱ्याच्या दावणीला जातो. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगाची माहिती ग्रामपंचायतीला देणं मालकाचं कर्तव्य आहे. माणसाच्या गोळ्या जनावराला देऊ नका. अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतो.

४. गोठ्यात ऊन आणि वारा येऊ द्या. उन्हात हा जंतू तग धरत नाही. घरात टीबीचा रुग्ण असेल तर त्याने गोठ्यात, चाऱ्यावर थुंकू नये. माणसाकडून जनावरालाही लागण होऊ शकते.

५. "कानात बिल्ला आहे, लस झाली आहे" यावर निर्धास्त राहू नका. २०१९ पासूनची राष्ट्रीय मोहीम लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेल्ला या रोगांसाठी आहे, टीबीसाठी नाही. वासरांना बीसीजी देण्याचे प्रयोग चालू आहेत. इथिओपियातल्या प्रयोगाचे २०२४ मध्ये आलेले निष्कर्ष आशा वाढवणारे आहेत, पण ही लस अजून आपल्या गोठ्यापर्यंत आलेली नाही.

शिक्षकांनी काय बघावं?

दुधातून आलेला टीबी अनेकदा छातीत न होता मानेच्या गाठींत किंवा पोटात होतो. जुनी माणसं ज्याला गंडमाळ म्हणतात, त्यात हा प्रकारही असतो. मुलाच्या मानेला न दुखणारी गाठ आहे, वजन वाढत नाही, संध्याकाळी कणकण येते, असं दिसलं तर पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला सांगा. टीबीची तपासणी आणि औषधं तिथं मोफत आहेत. "घरी कच्चं दूध पितो" हे डॉक्टरांना जरूर सांगायला लावा. टीबीच्या नेहमीच्या चार औषधांपैकी पायराझिनामाइड हे औषध बोविस जंतूवर चालत नाही, म्हणून ही माहिती उपयोगाची ठरते. मात्र वर्गात त्या मुलाचं नाव घेऊन चर्चा करू नका.

एक छोटा उपक्रम

चौथीपासून पुढच्या मुलांना एक तक्ता करायला द्या : घरी जनावरं किती, पाणी कुठं पितात, दूध उकळून पितो की कच्चं, नवीन जनावर कुठून आणलं. तक्ता वहीतच राहू द्या, वाचून दाखवायला लावू नका. मग पशुधन विकास अधिकाऱ्यांना शाळेत बोलवा आणि त्याच दिवशी माता-पालक सभा ठेवा. मुलांचे प्रश्न आयांच्या समोर विचारले गेले की उत्तरं त्याच दिवशी चुलीपर्यंत पोचतात.