सवाब आणि अजाब: श्रद्धेला पट्टी कशी लावायची?

‘वाईट वागणाऱ्याला देव शिक्षा करतो.’ १ म्हणजे अजिबात पटत नाही, ५ म्हणजे पूर्ण पटतं. तुम्ही किती द्याल?

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या शहरातले सुमारे ३१ टक्के लोक मुस्लिम आहेत. शहागंजमधल्या एखाद्या मुस्लिम दुकानदाराला हा प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा ५ येईल. मृत्यूनंतर हिशेब होणार, नेकीचं फळ आणि गुनाहची सजा मिळणार, ही आखिरतवरची श्रद्धा इस्लामच्या पायाभूत श्रद्धांपैकी आहे. ती पटत नाही असं कोण म्हणणार?

मग मोजायचंच कशाला? कारण मानसशास्त्रातला एक मोठा वाद यावर उभा आहे. शरीफ आणि नोरेनझायन यांनी २०११ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. गणिताच्या चाचणीत फसवणूक करायची संधी मुद्दाम ठेवली होती. देव मानणारे आणि न मानणारे यांच्यात फरक दिसला नाही. पण ज्यांच्या मनातला देव शिक्षा करणारा होता, त्यांनी फसवणूक कमी केली. म्हणजे देव मानता का, यापेक्षा कसा देव मानता, हे महत्त्वाचं. हे मुस्लिम समाजात तपासायचं तर आधी नीट मोजता आलं पाहिजे. तिथेच गाडी अडते.

पहिली अडचण गणिताची. समजा, अख्ख्या वर्गाला १०० पैकी १०० मिळाले. आता अभ्यासाच्या तासांचा गुणांशी संबंध शोधून दाखवा! शोधता येणारच नाही, कारण गुणांत फरकच नाही. संख्याशास्त्रात याला छत-परिणाम म्हणतात. सगळे ५ देतात तेव्हा श्रद्धा आणि वागणूक यांचा संबंध शून्याजवळ दिसतो. त्यावरून ‘श्रद्धेचा वागण्यावर परिणाम होत नाही’ असा निष्कर्ष काढणं चूक. पट्टीच तोकडी पडलेली असते.

दुसरी अडचण शब्दांची, आणि माझ्या मते ही जास्त मोठी. ‘शिक्षा’ म्हणजे नेमकी कुठली? आखिरतमधली की याच जन्मातली? कुणाचा धंदा बुडाला तर तो अजाब मानायचा की आजमाइश, म्हणजे परीक्षा? बाहेरून प्रसंग एकच, पण मानणाऱ्याच्या मनात दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा. शिवाय भीती आणि आशा या एकाच दांडीची दोन टोकं नाहीत. एकाच माणसाला अल्लाहच्या सजेची धास्ती आणि त्याच्या रहमतचा भरवसा, दोन्ही भरपूर असू शकतात. ‘देव बक्षीस आणि शिक्षा देतो’ असा जोडप्रश्न विचारला की हे सगळं एका आकड्यात कालवलं जातं. अबू-रय्या आणि पार्गामेंट यांच्या गटाने २००८ मध्ये मुस्लिमांसाठी जी मोजपट्टी मांडली, तिच्यात म्हणूनच ‘संकट ही अल्लाहने दिलेली शिक्षा आहे’ असं वाटण्यासाठी वेगळा उपविभाग आहे.

शब्द घसरला की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२० मध्ये भारतात जवळपास ३०,००० प्रौढांना प्रश्न विचारले. ‘कर्मा’वर विश्वास आहे असं ७७ टक्के मुस्लिमांनी सांगितलं. हिंदूंमध्येही आकडा तेवढाच! पण पुनर्जन्म मानणारे मुस्लिम होते २७ टक्के. मला यावरून असं वाटतं की अनेकांनी कर्म हा शब्द ‘जैसी करनी वैसी भरनी’ या रोजच्या अर्थाने घेतला असावा. नुसता ७७ चा मथळा वाचला, तर एका समाजाच्या श्रद्धेबद्दल भलताच समज होईल.

तिसरी अडचण: विचारतंय कोण? ब्लेड्स आणि गिलम यांनी कैरोमध्ये काही मुलाखतकार स्त्रिया हिजाबसह आणि काही हिजाबशिवाय पाठवल्या. हिजाबवाली समोर असताना मुस्लिम स्त्रियांनी स्वतःला जास्त धार्मिक सांगितलं. प्रश्न तेच, समोरचा चेहरा बदलला. आपल्याकडे तर आडनाव ऐकूनही उत्तर बदलू शकतं. अनोळखी माणूस फॉर्म घेऊन दारात आला आणि धर्माबद्दल विचारू लागला, तर ‘हे कशासाठी?’ असं वाटणं अगदी साहजिक आहे.

मग उपाय? एक वाट म्हणजे वागणूक बघायची. ड्यूहेम यांनी मोरोक्कोत माराकेशच्या जुन्या बाजारात दुकानदारांना पैसे स्वतःसाठी ठेवायचे की दान करायचे, असे पर्याय दिले. अजान ऐकू येत असताना सगळ्यांनी सर्वांत जास्त दानाचा पर्याय निवडला. एरवी तसं नव्हतं. श्रद्धा तीच, पण त्या क्षणी ती मनात जागी होती. अर्थात, हे अजानने आखिरतची आठवण दिली म्हणून झालं की समाजाची, हे यातून कळत नाही.

दुसरी वाट संथ आहे. आधी लोकांशी त्यांच्या दखनीत मोकळं बोलायचं, सवाब, गुनाह, आजमाइश हे शब्द ते कुठे वापरतात ते ऐकायचं, मगच प्रश्न लिहायचे. ‘मानता का?’ऐवजी ‘गेल्या आठवड्यात कधी आठवण झाली? कुठलं काम करताना?’ असं विचारलं तर सगळ्यांचं उत्तर ५ येणार नाही.

यापुढे ‘अमुक टक्के मुस्लिम असं मानतात’ असं कुठे वाचलंत, तर तीन गोष्टी शोधा: प्रश्न कुठल्या भाषेत होता, कुणी विचारला आणि उत्तराला हलायला जागा होती का. ही माहिती नसेल, तर तो आकडा पुढे फॉरवर्ड करायची घाई करू नका.