शेरलॉक होम्स कितव्या क्रमांकाचा?

अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत खांद्यात गोळी घुसलेला आणि नंतर पेशावरला विषमज्वराने खंगलेला एक लष्करी डॉक्टर लंडनला परततो. परवडणारी जागा हवी म्हणून एका अनोळखी माणसाबरोबर बिऱ्हाड थाटतो. हा सोबती नेमका आहे तरी कोण, हे त्याला काही केल्या उमगत नाही. शेवटी तो कागद घेऊन बारा कलमांची यादी करतो. साहित्याचे ज्ञान शून्य, तत्त्वज्ञान शून्य, खगोलशास्त्र शून्य, विषांची माहिती उत्तम, शरीरशास्त्राची अचूक पण विस्कळीत, व्हायोलिन चांगले वाजवतो. एवढे लिहूनही काही जुळेना, तेव्हा वैतागून तो यादी शेकोटीत टाकून देतो.

डॉ. वॉटसन यांनी शेरलॉक होम्सचा स्वभाव चौकटीत बसवण्याचा केलेला हा पहिला प्रयत्न. आर्थर कॉनन डॉइल यांची ही कादंबरी १८८७ साली आली. तेव्हापासून होम्सच्या स्वभावाचे वर्गीकरण करण्याची हौस वाचकांना आहेच. हल्ली त्यासाठी ‘एनियाग्राम’ नावाची पद्धत वापरली जाते. माणसांचे नऊ प्रकार, वर्तुळावर नऊ बिंदू, आणि प्रत्येकाच्या मुळाशी एक भीती व एक ओढ. पहिला प्रकार चुका खपवून न घेणाऱ्या सुधारकाचा, तिसरा यशासाठी झटणाऱ्याचा, पाचवा दूर उभे राहून निरीक्षण करणाऱ्याचा, सातवा सतत नवे काही हवे असणाऱ्याचा, आठवा सत्ता हातात ठेवणाऱ्याचा. नियम एकच : माणूस काय करतो ते पाहायचे नाही, का करतो ते पाहायचे.

हा नियम डॉक्टरांना पटण्यासारखा आहे. ताप मलेरियाने येतो तसा टायफॉइडनेही येतो. लक्षण तेच, कारण वेगळे, म्हणून उपचारही वेगळा.

होम्सला बहुतेक जण पाचवा क्रमांक देतात आणि त्यांच्या बाजूने पुरावाही भक्कम आहे. पाचव्या प्रकारच्या माणसाला वाटत असते की जगाच्या मागण्या फार आणि आपल्याजवळची शिदोरी तुटपुंजी. म्हणून तो वेळ, शक्ती, भावना सगळेच जपून खर्च करतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे होम्सला ठाऊक नसते. वॉटसन सांगतात, तेव्हा आता ते विसरायचा प्रयत्न करीन, असे त्याचे उत्तर. त्याच्या मते मेंदू हा मर्यादित जागेचा माळा. त्यात अडगळ भरली की कामाची वस्तू सापडत नाही. तपास चालू असताना तो जेवणही टाळतो, कारण पचनासाठी शक्ती घालवणे त्याला परवडत नाही. इतका चोख पाचवा शोधून सापडायचा नाही.

पण मग कोकेनचे काय? १८९० सालच्या ‘द साइन ऑफ फोर’ची सुरुवातच होम्स हातात सुई टोचून घेतो तिथे होते. सात टक्क्यांचे द्रावण, दिवसातून तीनदा, कित्येक महिने. कारण विचारले तर म्हणतो, हाती काम नसले की मनाला गंज चढतो. कंटाळ्याचे हे भय पाचव्याचे नव्हे, सातव्याचे लक्षण. शिवाय वॉटसन नोंदवतात की स्तुती केली की हा माणूस खुलतो. म्हणजे तिसरा? आणि कायद्याच्या वर स्वतःची न्यायबुद्धी ठेवून ‘ब्लू कार्बंकल’मधल्या चोराला सोडून देणारा होम्स, हा कोण?

एनियाग्रामकडे यावर तोड आहे. प्रत्येक बिंदूपासून दोन बाण निघतात. पाचवा ताणाखाली सातव्यासारखा वागतो आणि निश्चिंत असला की आठव्यासारखा. शेजारच्या बिंदूचे ‘पंख’ असतात, म्हणून व्हायोलिन आणि आजीकडून आलेले चित्रकाराचे रक्त चौथ्याच्या खात्यावर टाकता येते. हिशेब छान जुळतो. अडचण एवढीच की पाच, सात, आठ आणि पंखांचे चार व सहा धरले तर नवांपैकी पाच प्रकार एकाच माणसाला लागू झाले. जे अनुमान कुठल्याही वागणुकीने खोटे ठरत नाही, ते तपासायचे कसे?

इथे एक साधा वैद्यकीय प्रश्न मध्येच सुटून जातो. होम्स काही दिवस झपाटल्यासारखा राबतो आणि मग दिवसचे दिवस सोफ्यावर पडून राहतो, बोलत नाही, नजर शून्यात. वॉटसन यांना पहिल्याच कादंबरीत नशेची शंका येते आणि ते ती झटकून टाकतात, कारण माणूस एरवी नेमस्त, स्वच्छ राहणारा. कोकेनचा अंमल उतरला की गळून जाणे, उदासी, झोपाळूपणा येतो, हे आज वैद्यकीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. तेव्हा ही चढउतार स्वभावाची की औषधाची? थायरॉइड मंदावलेल्या बाईला घरचे वर्षानुवर्षे आळशी म्हणतात आणि तीही ते खरे मानते. स्वभाव म्हटले की तपासणी थांबते. वॉटसन यांनी मात्र पुढे डॉक्टरकी सोडली नाही. होम्सला त्या सवयीपासून हळूहळू सोडवायला आपल्याला वर्षे लागली, असे ते नंतरच्या एका कथेत सांगतात.

होम्सचा उगमही रुग्णालयातलाच. एडिंबरोला शिकत असताना डॉइल हे डॉ. जोसेफ बेल या शल्यचिकित्सकांच्या बाह्यरुग्ण विभागात मदतनीस होते. एकदा साध्या कपड्यात आलेल्या रुग्णाला बेल यांनी पाहताच सांगितले की हा नुकताच सेवेतून सुटलेला सैनिक आहे आणि बार्बाडोसला होता. माणूस अदबशीर, पण टोपी काढली नाही, म्हणजे लष्करी शिस्त. आणि दुखणे हत्तीरोगाचे, जो ब्रिटनमधला नव्हे, वेस्ट इंडीजमधला. विद्यार्थी थक्क झाले. पण यातले प्रत्येक अनुमान पुढच्याच वाक्यात त्या रुग्णाला विचारून पडताळता येत होते. चुकले असते तर तिथेच उघडे पडले असते. स्वभावाच्या क्रमांकाला अशी परीक्षा नसते.

नऊ बिंदूंची आकृती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज गुर्जिएफ यांनी शिकवली, पण तिच्यात माणसांचे प्रकार नव्हते. ते बोलिव्हियात जन्मलेल्या ऑस्कर इचाझो यांनी बसवले. १९७० साली चिलीमधल्या अरिका गावी त्यांच्याकडे शिकलेले मनोविकारतज्ज्ञ क्लाउदिओ नारांखो यांनी ही विद्या कॅलिफोर्नियात नेली. तिथून ती चर्चच्या शिबिरांत आणि पुढे कंपन्यांच्या कार्यशाळांत पोचली. म्हणजे तिचे वय जेमतेम अर्धशतक. २०२१ साली १०४ नमुना-गटांवरच्या संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. निष्कर्ष संमिश्र : काही मोजण्या इतर स्वभावचाचण्यांशी बऱ्यापैकी जुळल्या, पण गणिती पृथक्करणात प्रकार सहसा नऊपेक्षा कमीच निघाले, बाण आणि पंखांना फारसा आधार मिळाला नाही.

मग वर्णन वाचून ‘अगदी मीच!’ असे का वाटते? १९४८ साली बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचा म्हणून अहवाल दिला. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता, राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला.

कादंबरीतल्या माणसावर हा खेळ खेळायला हरकत नाही. उलट पुस्तक दुसऱ्यांदा बारकाईने वाचून होते. तसे वाचले की वॉटसन यांची यादीही कोसळते. ‘साइन ऑफ फोर’मध्ये होम्स मध्ययुगीन भांडी, स्ट्राडिव्हरी व्हायोलिने आणि सिलोनमधला बौद्ध धर्म यांवर रंगून बोलतो, पुढे ‘ग्रीक इंटरप्रिटर’मध्ये पृथ्वीच्या भ्रमणपातळीच्या कलाची चर्चा करतो. खगोलशास्त्र शून्य म्हणे!

होम्सने स्वतः सांगितलेल्या कथा दोनच, दोन्ही १९२६ मधल्या. त्यातली एक आहे ‘द ब्लँच्ड सोल्जर’. दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात जखमी झालेला एक तरुण रात्री चुकून कुष्ठरुग्णालयातल्या पलंगावर झोपतो. घरी आल्यावर त्याच्या कातडीवर पांढरे डाग उमटतात आणि निदान होते कुष्ठरोगाचे. मुलाला कायमचे वेगळे ठेवायला लावतील या धास्तीने कर्नल बाप त्याला आवारातल्या एका छोट्या घरात लपवतो, सोबत एक डॉक्टर ठेवतो आणि जगाला सांगतो की मुलगा जगप्रवासाला गेला आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले का, असे होम्स विचारतो. बोभाट्याच्या भीतीने ते घेतलेलेच नसते.

होम्स त्या दिवशी येताना एका त्वचारोगतज्ज्ञांना बरोबर घेऊन आलेला असतो. ते बाहेर गाडीत बसून असतात. त्यांना आत बोलावले जाते, ते मुलाला तपासतात आणि सांगतात की हा कुष्ठरोग नव्हे, माशाच्या खवल्यांसारखी कातडी होणारा, संसर्ग न होणारा साधा विकार आहे. ते ऐकून त्या मुलाची आई आनंदाने बेशुद्ध पडते, आणि इतके महिने मुलावर पहारा ठेवणाऱ्या डॉक्टरला तिच्याकडे धाव घ्यावी लागते.