मृत्यूवाचून शोकांतिका : रासीनचे 'बेरेनीस'

'संशयकल्लोळ' पाहताना मनमुराद हसणाऱ्या मराठी प्रेक्षकास त्याच्या मुळाशी मोलियेरचे एक फ्रेंच प्रहसन आहे, याचे स्मरण क्वचितच असते. देवलांपर्यंत ते आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराच्या मार्गाने पोहोचले. हरिभाऊ आपट्यांचे 'मारून मुटकून वैद्यबोवा' आणि अत्र्यांचे 'कवडीचुंबक' यांचेही मूळ मोलियेरच. त्यामुळे फ्रेंच नाटक म्हणजे हास्य, असे समीकरण आपल्या मनात रुजले आणि मोलियेरचाच समकालीन झाँ रासीन आपल्याला जवळजवळ अपरिचित राहिला.

रासीनचे 'बेरेनीस' २१ नोव्हेंबर १६७० रोजी पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले. अवघ्या आठवड्याभरात वृद्ध कॉर्नेयचे त्याच विषयावरील नाटक मोलियेरच्या मंडळीने सादर केले. ही चुरस मोठी गमतीची, पण तिच्यात आज गुंतण्याचे कारण नाही.

कथाबीज स्वेटोनियस या रोमन चरित्रकाराच्या एका लहानशा वाक्याएवढे आहे. वडिलांच्या निधनानंतर तीतुस सम्राट होतो. पॅलेस्टाईनची राणी बेरेनीस आता विवाह होणार या आनंदात आहे. परंतु परकीय राणी रोमला मान्य नाही. तीतुसने निर्णय घेतला आहे, तो तिला सांगण्याचे धैर्य मात्र त्याच्यापाशी नाही. हे काम तो आपला मित्र आंतिओकुस याच्यावर सोपवतो, आणि हा मित्र स्वतःच बेरेनीसवर कित्येक वर्षे मूकपणे प्रेम करीत आलेला आहे! पाच अंकांत घडते ते एवढेच.

शोकांतिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे 'एकच प्याला'चा शेवट उभा राहतो. येथे कोणीही मरत नाही. शेवटच्या अंकात तीतुस आणि आंतिओकुस दोघेही मृत्यूची भाषा बोलतात, तेव्हा बेरेनीसच त्यांना थांबवते. तिघांनी जगायचे, पण एकमेकांवाचून, असा निवाडा ती देते. रक्तपात नसला तरी भव्य विषाद शोकांतिकेस पुरेसा आहे, असे रासीनने प्रस्तावनेत म्हटले आहे. अध्यापनाच्या दीर्घ काळात मी विद्यार्थ्यांना शोकांतिकेची व्याख्या मृत्यूच्या आधारे सांगत आलो; हे नाटक फार उशिरा, तेही इंग्रजी अनुवादातून वाचले, याची खंत वाटते.

राजधर्माचा हाच प्रश्न मार्तिनिकच्या एमे सेझेर या कवीने १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'राजा क्रिस्तोफची शोकांतिका' या फ्रेंच नाटकात उलट बाजूने मांडला. हैतीचा क्रिस्तोफ हा पूर्वाश्रमीचा गुलाम. प्रजेला ताठ मानेने उभे करावे म्हणून तो डोंगरमाथ्यावर किल्ला बांधतो आणि त्याचे दगड त्याच प्रजेला वाहावयास लावतो. तीतुस राज्यासाठी स्वतःचे सुख देतो, क्रिस्तोफ दुसऱ्यांचे. इतिहासातील क्रिस्तोफने १८२० मध्ये आत्महत्या केली.

सेझेरच्या नाटकास मोठा नटसंच हवा. 'बेरेनीस'ला मात्र एक दालन आणि मुख्यतः तीन समर्थ आवाज पुरतात. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी त्याचे अभिवाचन योजल्यास श्रोत्यांत पहिल्या रांगेत बसावयास मी येईन.