शरीराबाहेर जगवलेल्या पेशी

ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, पहिल्यांदा दिसतो तो काचेवर. रक्ताचा एक थेंब स्लाईडवर पातळ ओढायचा, वाळू द्यायचा, त्यावर लिशमन स्टेन घालायचा, धुवायचा आणि तेलाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपच्या सर्वांत मोठ्या भिंगाखाली धरायचा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी उमेदीचा सगळा काळ हे काम केलं. निरोगी रक्तातल्या पांढऱ्या पेशी बघताक्षणी ओळखू येतात. बहुतेकींच्या केंद्रकाला खाचा असतात, आत बारीक कण भरलेले असतात. उग्र ल्युकेमियात मात्र जिकडे नजर फिरवावी तिकडे ब्लास्ट, म्हणजे अर्धवट वाढीच्या पेशी. मोठं गोल केंद्रक आणि भोवती निळसर कड, बस. संख्येने उदंड, पण जंतूशी लढायला एकही उपयोगाची नाही.

काउंटरपाशी उभा असलेला बाप विचारायचा, "मैडम, खून में क्या निकला?" ते सांगणं डॉक्टरांचं काम, म्हणून मी रिपोर्टचं पाकीट बंद करून हातात द्यायची. पण या पेशी आल्या कुठून, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नसे. त्यासाठी वाचू लागले, आणि वाचता वाचता ज्या माणसांपर्यंत पोचले त्यांत मराठी बायका बऱ्याच निघाल्या. त्यांच्याविषयी आपल्या घरांत फार कमी बोललं जातं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी रक्ताबद्दल थोडं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. प्लेटलेट आठ-दहा दिवस. जंतूंवर तुटून पडणारी न्यूट्रोफिल पेशी रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकते. ही तूट भरायला शरीर रोज वीस हजार कोटींच्या आसपास नुसत्या तांबड्या पेशीच घडवतं. हे काम चालतं कमरेच्या, छातीच्या आणि मणक्यांच्या हाडांतल्या मज्जेत, जिला आपण बोनमॅरो म्हणतो. तिथल्या हजारो पेशींत एखादीच मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल असते. तिची रीत विरजणासारखी. दही घरभर वाटलं तरी उद्यासाठी चमचाभर बाजूला राहतंच. मूलपेशी विभागते तेव्हा काही लेकी तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट होण्याच्या वाटेला लागतात आणि काही मूलपेशीच राहतात. ऐंशी वर्षांच्या आजीच्या अंगातही रक्त नवं असतं ते यामुळे.

अशी पेशी खरोखर आहे, याचा पुरावा १९६१ साली कॅनडातल्या टोरंटोत मिळाला. जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक यांनी उंदरांची मज्जा किरणांनी मारून टाकली आणि त्यांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली. दहाएक दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर छोट्या गाठी उठल्या. त्यातली प्रत्येक गाठ एकेका पेशीपासून वाढली होती, हे पुढे दोन वर्षांत सिद्ध झालं. त्याच शहरात १९९०च्या दशकात जॉन डिक यांनी माणसाच्या उग्र मायलॉइड ल्युकेमियातल्या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत सोडल्या. बहुतेक पेशी तिथे काहीच करू शकल्या नाहीत. अगदी थोड्यांनी मात्र पूर्ण आजार नव्याने उभा केला, आणि त्यांच्या खुणा रक्ताच्या मूलपेशींशी जुळत होत्या. माझ्या काचेवरचे ब्लास्ट औषधांनी नाहीसे व्हायचे, रिपोर्ट स्वच्छ यायचा, घरात पेढे वाटले जायचे. आणि काही महिन्यांनी तेच नाव पुन्हा रजिस्टरात दिसायचं. का, त्याचं एक मोठं उत्तर या प्रयोगांत आहे. मुळाशी असलेल्या थोड्या पेशी वाचल्या की आजार परततो.

या सगळ्या ज्ञानाला एक अट आहे. पेशी शरीराबाहेर जिवंत राहिली पाहिजे. तिला ३७ अंशांची ऊब लागते, साखर, अमिनो आम्लं, सीरम लागतं, हवेत कार्बन डायऑक्साइडचं ठरावीक प्रमाण लागतं. बुरशीचा एक कण आत शिरला की सगळ्या मेहनतीवर पाणी. शोध लावणाऱ्यांची नावं गाजतात. पेशी जगवणाऱ्यांची फारशी कोणी घेत नाही, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

भारतात हे काम उभं केलं कमल रणदिवे यांनी. माहेरच्या कमल समर्थ, जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती, पण हुजूरपागेतून फर्ग्युसनला गेलेल्या कमलताईंचा जीव प्रयोगशाळेत रमला. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्या एम.एस्सी. झाल्या, विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रं. गणिती जयसिंग रणदिवे यांच्याशी लग्न होऊन त्या मुंबईला गेल्या आणि परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर होते, ज्यांना भारतीय पॅथॉलॉजीचे जनक मानतात. त्यांच्या हाताखाली कमलताईंनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली, आणि मग त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे टिश्यू कल्चर, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र, शिकायला गेल्या. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी वाढल्या. त्या पेशी तिला न विचारता घेतल्या होत्या. 'हेला' नावाने जगभर त्या अजून वाढताहेत.

कमलताई परत आल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. स्तनाचा कॅन्सर, ल्युकेमिया, अन्ननलिकेचा कॅन्सर यांच्या अभ्यासासाठी त्यांनी उंदरांचे वाण वापरले. कॅन्सर होण्यामागे आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा एकमेकांशी कसा संबंध असतो, हे त्यांना शोधायचं होतं. कुष्ठरोग्याच्या गाठींतून मिळवलेला जीवाणूही याच संस्थेत पेशींच्या सोबतीने वाढवला गेला आणि पुढे त्यातून लस तयार झाली. १९६६ ते १९७० त्या संस्थेच्या कार्यवाहक संचालक होत्या. १९७३ मध्ये त्यांनी सहकारी बायकांना घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं, आणि २००१ मध्ये त्या गेल्या. निवृत्तीनंतर नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करणारी हीच बाई, हे वाचलं तेव्हा माझा त्यांच्याविषयीचा आदर दुणावला.

कमलताईंनी जिथे सुरुवात केली त्या टाटा मेमोरियलमध्येच १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं बोनमॅरो प्रत्यारोपण केलं. लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीतून वावरणाऱ्या या डॉक्टरांनी ल्युकेमिया झालेल्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. रुग्णाची आजारी मज्जा औषधांनी पुसून टाकायची आणि दात्याच्या मूलपेशी शिरेतून सोडायच्या. हाडांपर्यंतची वाट त्या स्वतः शोधतात.

मायलोमा किंवा लिम्फोमासारख्या आजारात रुग्णाच्या स्वतःच्याच मूलपेशी आधी काढून ठेवतात आणि जबर केमोथेरपीनंतर परत देतात. मधल्या काळात अनेकदा त्या गोठवाव्या लागतात, आणि गोठवणं पेशीच्या जिवावर येतं. आत बर्फाचे स्फटिक झाले तर पडदा फाटतो. म्हणून डीएमएसओ नावाचं रसायन घालतात, तापमान मिनिटाला अंशभर अशा संथ गतीने उतरवतात आणि शेवटी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. तरीही वितळवताना कित्येक पेशी मरतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात, गणेशखिंडीच्या विद्यापीठाच्या आवारात, डॉ. ललिता लिमये आणि डॉ. वैजयंती काळे यांनी नेमकं हे नुकसान कमी करण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. गोठवण्याच्या द्रावणात त्यांनी ट्रेहॅलोज ही पेशीचा पडदा सांभाळणारी साखर घातली आणि कॅटलेज हे घातक ऑक्सिडीकरण रोखणारं विकर घातलं. वितळवल्यावर जास्त मूलपेशी जिवंत आणि कामाच्या निघाल्या. ज्या रुग्णाकडे पेशींची एकच पिशवी असते, त्याला यातल्या प्रत्येक वाचलेल्या पेशीचं मोल आहे.

काळे यांच्या गटाचा २०१८ मधला एक प्रयोग तर मला फार आशेचा वाटतो. मज्जेत मूलपेशींना आधार देणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. तरुण उंदरांच्या अशा पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुटिका म्हाताऱ्या उंदरांच्या मूलपेशींना मिळाल्या, तेव्हा त्या मूलपेशींची मंदावलेली ताकद बरीच परतली. वयस्कर भावंडांच्या मूलपेशी प्रत्यारोपणात कमी जोमाच्या ठरतात. हे ज्ञान माणसांपर्यंत आलं तर साठीतल्या बहिणीलाही भावासाठी दाता होणं सोपं जाईल.

आमच्या ग्वाल्हेरात मांढरे या मराठी घराण्याच्या नावाने ओळखलं जाणारं देवीचं देऊळ ज्या टेकडीवर आहे, तिथेच कॅन्सर रुग्णालयही आहे. लोक टेकडीलाच 'कैंसर पहाड़ी' म्हणतात. प्रत्यारोपणासाठी मात्र माझ्या ओळखीतली माणसं दिल्लीला गेली, नाहीतर पंजाब मेल धरून मुंबईला. २०१८ पासून इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयातही, म्हणजे सरकारी दवाखान्यात, ही सोय सुरू झाली आहे. पैसा आणि अंतर या अडचणी खऱ्याच आहेत, पण पहिली अडचण घरातच उभी राहते. सख्ख्या भावंडाचा जुळणारा नमुना मिळण्याची शक्यता चारात एक. तेवढीही तपासणी पुष्कळ घरं टाळतात, कारण "रीढ़ की हड्डी से निकालते हैं, लकवा हो जाएगा" ही भीती अजून गेलेली नाही.

पाठीच्या कण्याला कोणी हात लावत नाही. आता बहुतेक दात्यांना चार-पाच दिवस एक इंजेक्शन देतात, त्याने मूलपेशी मज्जेतून रक्तात उतरतात. मग प्लेटलेट देताना बसतो तसं काही तास यंत्राजवळ बसायचं. एका हातातून रक्त जातं, मूलपेशी वेगळ्या होतात, बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. कधी मज्जाच काढावी लागली तर ती कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूने, भूल देऊन काढतात. अंग काही दिवस दुखतं. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत शरीर पुन्हा तयार करतं.