हरण्याची सोय : प्रशिक्षणासाठीच्या खेळांविषयी

अमेरिकेतील ऑर्लँडो येथे लष्करी प्रशिक्षणाविषयीची एक मोठी परिषद भरते. २००६ पासून तिथे खेळांची एक स्पर्धाही होते. तिचे नाव ‘सीरियस गेम्स शोकेस अँड चॅलेंज’. नुसती करमणूक तिथे पुरत नाही. शिकवताना येणारी एखादी खरी अडचण त्या खेळाने सोडवायला हवी. मी अनेक वर्षे जुन्या पटखेळांची टिपणे काढत आलो आहे. या स्पर्धेविषयी वाचले तेव्हा मला एकच प्रश्न पडला : खेळ शिकवतो की नाही, हे ओळखायचे कशावरून?

आपला मोक्षपट घ्या. सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप. शिकवण स्पष्ट आहे, पण खेळणाऱ्याला निर्णय घ्यायचा नसतो. मी सापाच्या तोंडी जातो तो लोभामुळे नव्हे, दान तसे पडले म्हणून. प्रशिक्षणाच्या खेळात चूक खेळणाऱ्याची स्वतःची असावी लागते आणि तिची किंमत पटावरच चुकती व्हावी लागते. प्रशियातील राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये सेनाधिकाऱ्यांपुढे मांडलेल्या युद्धखेळात हेच होते. नकाशावर सैन्याचे ठोकळे असत. मध्ये पंच असे आणि प्रत्यक्ष रणांगणावर जेवढे दिसले असते, तेवढेच तो खेळाडूला कळू देई.

याचे मला सापडलेले सर्वांत बोलके उदाहरण लिव्हरपूलचे आहे. १९४२ च्या सुरुवातीला अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे येणारी मालवाहू जहाजे बुडवत होत्या. क्षयामुळे नौदलातून निवृत्त व्हावे लागलेल्या गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्याकडे त्यावर उपाय शोधण्याचे काम आले. त्यांनी फरशीवर चौकटी आखल्या. महिला नौदलातील तरुण मुली जहाजांचे मार्ग खडूने काढत. शिकायला आलेले अधिकारी कापडी पडद्यांमागे उभे राहत आणि फटीतून दिसेल तेवढाच ‘समुद्र’ पाहत. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने काढलेला असे. पडद्यामागून तो रंग दिसत नसे.

तोवर समज असा होता की पाणबुडी ताफ्याच्या बाहेरून मारा करते. त्यामुळे हल्ला होताच रक्षक नौका बाहेरच्या बाजूला धावत. मग ताफ्याच्या मधली जहाजे कशी बुडतात? रॉबर्ट्स यांनी हल्ला फरशीवर पुन्हा मांडला, तेव्हा उत्तर दिसले. पाणबुडी रात्री पृष्ठभागावरून, मागच्या बाजूने, थेट ताफ्यात शिरत असणार. म्हणजे रक्षक शत्रूपासून दूर पळत होते! यातून नवा डावपेच निघाला : मागे वळायचे आणि ताफ्याच्या पिछाडीचे पाणी ध्वनियंत्राने धुंडाळायचे. जीन लेडलॉ या तरुणीने त्याला ‘रास्पबेरी’ म्हटले. हिटलरला दाखवलेली ती वाकुलीच होती. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी तिथे शिकून गेले.

स्वतः पाणबुडीवर नाव कमावलेले अ‍ॅडमिरल मॅक्स हॉर्टन तिथे एकदा पाणबुडीच्या बाजूने खेळायला बसले आणि पुन्हा पुन्हा हरले, अशी हकीकत सांगतात. समोर खेळत होती जॅनेट ओकेल ही तरुण मुलगी. अ‍ॅडमिरलच्या मानासाठी डाव फिरवला गेला नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात जपानमध्ये ‘यामातो’ युद्धनौकेवर दुसरा खेळ चालला होता, मिडवे बेटावरील मोहिमेचा. त्याची हकीकत फुचिदा या जपानी अधिकाऱ्याने युद्धानंतर लिहिली. फासे पडले आणि जपानी विमानवाहू नौकांवर नऊ बाँब लागल्याचे ठरले. ‘आकागी’ आणि ‘कागा’ बुडाल्या. पंच होते मुख्याधिकारी उगाकी. त्यांनी नऊचे तीन केले. आकागी वाचली आणि बुडालेली कागाही पुढच्या डावात पटावर परतली. ४ जूनच्या खऱ्या लढाईत या दोन्ही नौकांसह चार विमानवाहू नौकांवर घातक मारा झाला. चारही बुडाल्या. एका पंचामुळे जपान हरला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण पटाने दाखवलेला धोका कोणालाही नीट पाहू दिला गेला नाही, हे मात्र खरे.

मोक्षपटात फाशावर आपला इलाज नसतो. ‘यामातो’वर फासा बोलला आणि माणसाने त्याला गप्प केले. लिव्हरपूलचा खेळ म्हणजे खडू, कापड आणि फरशी. यंत्रसामग्रीत तो आजच्या कोणत्याही संगणकी खेळापुढे टिकणार नाही. तरी तो शिकवून गेला, कारण तिथे मोठ्या माणसालाही हरू दिले जात होते.

म्हणून अशा स्पर्धेचा परीक्षक मी असतो, तर चित्रे किती खरी वाटतात हे नंतर पाहिले असते. आधी विचारले असते : या खेळात तुमचा साहेब हरला, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही काय बदलता, योजना की निकाल?