रोहिणींचे संरक्षण : करडई, डाळिंब आणि सर्पगंधा यांची कसोटी

अक्कलकोट तालुक्यातील काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी पेरताना पिकामधून किंवा शेताच्या कडेने करडईच्या ओळी घेण्याची रीत जुनी आहे. काटेरी झाडामुळे गुरे पिकापासून दूर राहतात आणि बियांपासून घरच्या स्वयंपाकास तेल मिळते. हे तेल हृदयाला हितकर आहे, असे सर्वत्र सांगितले जाते. सोलापूर जिल्ह्यातील डाळिंबाविषयीही तीच समजूत रूढ आहे. या समजुती निराधार नाहीत. परंतु त्यांना कितपत आणि कोणत्या प्रकारचा आधार आहे, हे तपासून पाहणे अवश्य आहे.

रोहिणी, म्हणजेच धमनी, ही केवळ रक्त वाहून नेणारी नळी नव्हे. तिच्या आतील बाजूस एका कोशिकेइतक्या जाडीचा अंतःस्तर असतो. हा स्तर नायट्रिक ऑक्साइड निर्माण करून रोहिणीची भित्ती सैल ठेवतो आणि रक्तातील बिंबिकांना तिच्यावर चिकटू देत नाही. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर इत्यादी कारणांनी अंतःस्तर दुखावला म्हणजे कमी घनतेची मेदप्रथिने भित्तीत शिरून साठतात व तेथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते. महाभक्षी कोशिका ती गिळतात आणि मेदाने फुगून फेसाळ दिसू लागतात. अशा कोशिकांचा थर वाढत जाऊन विलेप तयार होतो. या अवस्थेस रोहिणीविलेपी विकार म्हणतात. विलेपावरील पातळ आवरण फाटल्यास तेथे रक्ताची गुठळी होते आणि हृदयाचा किंवा मेंदूचा रक्तपुरवठा अकस्मात तुटतो.

या क्रमात औषधास हस्तक्षेप करता येईल अशा जागा अनेक आहेत : रक्तदाब उतरविणे, मेदप्रथिने कमी करणे, त्यांचे ऑक्सिडीकरण रोखणे आणि गुठळी होऊ न देणे. एखादे द्रव्य यांपैकी एका ठिकाणी कार्य करते, एवढ्यावरून ते रोगापासून रक्षण करते असे मात्र सिद्ध होत नाही. पुराव्याच्या तीन पायऱ्या येथे वेगळ्या मानाव्या लागतात. द्रव्यात गुणकारी घटक आहे, ही पहिली. त्याच्या सेवनाने रक्तातील एखादे मोजमाप सुधारते, ही दुसरी. त्याच्या सेवनाने झटके आणि मृत्यू कमी होतात, ही तिसरी. रुग्णाच्या दृष्टीने अखेरचे महत्त्व तिसरीलाच आहे.

करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात लिनोलेइक अम्लाचे प्रमाण सुमारे ७० ते ७५ टक्के असते. संपृक्त मेदाऐवजी हे तेल घेतल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते. पहिल्या दोन पायऱ्या अशा रीतीने पार पडतात. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात, हृदयविकाराचा त्रास होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर याच तेलाची चाचणी घेण्यात आली. तिच्या मूळ नोंदींचे नव्याने विश्लेषण होऊन ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. करडईचे तेल व त्यापासून केलेले मार्गरीन घेणाऱ्या गटात कोलेस्टेरॉल अधिक उतरले होते. तथापि त्या गटात मृत्यूचे प्रमाण १७.६ टक्के, तर दुसऱ्या गटात ११.८ टक्के आढळले. त्या मार्गरीनमधील ट्रान्स मेदाचा हा परिणाम असावा, असा आक्षेप घेण्यात आला आहे. शिवाय मोठ्या लोकसमूहांच्या निरीक्षणांत लिनोलेइक अम्ल हितावहच दिसते. म्हणून या एका चाचणीवरून करडईस दोषी ठरविणे योग्य नव्हे. परंतु कोलेस्टेरॉल उतरले म्हणजे रुग्ण वाचलाच, हा तर्क तिने कायमचा संशयास्पद केला.

डाळिंबाच्या रसात प्युनिकॅलॅजिन आदी पॉलिफेनॉले असतात आणि ती मेदप्रथिनांचे ऑक्सिडीकरण रोखतात. इझ्राएलमधील हैफा येथील मायकेल अविराम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मानेतील रोहिणी अरुंद झालेल्या १० रुग्णांनी वर्षभर रस घेतल्यावर त्या रोहिणीच्या भित्तीची जाडी घटली. पुढे अमेरिकेत २८९ व्यक्तींवर १८ महिने चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकंदर गटात जाडीच्या वाढीवर रसाचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. लहान अभ्यासातील आशा मोठ्या चाचणीत टिकेलच असे नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

याउलट सर्पगंधेचा इतिहास आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना या वनस्पतीचे मूळ देऊन मिळालेले निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे तिच्यातील रेसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. १९६७ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत तीव्र रक्तदाबाच्या १४३ पुरुषांपैकी ७३ जणांना रेसर्पीन व अन्य दोन औषधे एकत्र, तर ७० जणांना निष्क्रिय गोळी देण्यात आली होती. गंभीर घटना निष्क्रिय गोळीच्या गटात २७, तर औषधाच्या गटात अवघ्या २ घडल्या. तीन औषधांचे हे संयुक्त यश असले, तरी वनस्पतिजन्य द्रव्याने तिसरी पायरी गाठल्याचे हे ठळक उदाहरण आहे. पुढे विषण्णतेसारख्या दुष्परिणामांच्या भीतीने व अधिक सोयीची औषधे निघाल्याने रेसर्पीन मागे पडले.

स्टॅटिनांचे मूळही निसर्गातच आहे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना १९७० नंतरच्या दशकात पेनिसिलियम बुरशीत यकृतातील कोलेस्टेरॉलनिर्मितीचे विकर रोखणारे पहिले द्रव्य सापडले. त्याच कुळातील सिम्वास्टॅटिनची चाचणी स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवर झाली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार निष्क्रिय गोळीच्या गटातील १२ टक्के, तर औषध घेणाऱ्यांतील ८ टक्के रुग्ण मृत्यू पावले.

यावरून असे दिसते की, नैसर्गिक द्रव्य आणि औषध हा भेद शास्त्रीय दृष्ट्या गौण आहे. मोजून दिलेली मात्रा आणि तिसऱ्या पायरीवरील पुरावा हाच खरा भेद होय. करडईचे तेल व डाळिंब हे उत्तम आहाराचे घटक आहेत आणि राहतील. परंतु त्यांच्या भरवशावर एखाद्या रुग्णाने रक्तदाबाची अथवा कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली, तर सिद्ध संरक्षण सोडून असिद्ध संरक्षण पत्करल्यासारखे होते. सोलापुरात करडईवर संशोधन चालते आणि २००५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही तेथेच आहे. या पिकांतील घटकांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने आपला निष्कर्ष कोणत्या पायरीवरचा आहे हे प्रबंधात स्पष्ट नोंदविले, तरी वाचकाची व रुग्णाची मोठी दिशाभूल टळेल.