गिऱ्हाईक झोपते कसे, हे विचारल्याशिवाय गादी भरू नका

आमच्या वाचकांत पिंजारी, नदाफ आणि मन्सुरी घराण्यांतील कारागीर मोठ्या संख्येने आहेत. खांद्यावर पिंजण टाकून गल्लोगल्ली फिरणारा पिंजारी आता क्वचितच दिसतो. त्याची जागा दुकानातील विजेच्या पिंजण यंत्राने घेतली आणि त्या दुकानासमोर आज फोमच्या गादीचे शोरूम उभे आहे. बंगळूरच्या वेकफिटसारख्या कंपन्या २०१६ पासून गादी गुंडाळून खोक्यात घालून थेट घरी पाठवू लागल्या. स्लीपवेलची मालक असलेल्या शीला फोमने २०२३ मध्ये कर्ल-ऑनसारखा जुना मोठा कारखाना विकत घेतला. एवढ्या मोठ्या भांडवलापुढे गल्लीतल्या गादीवाल्याने टिकायचे कसे, असा प्रश्न कारागीर बांधव आम्हाला विचारतात.

आमचे उत्तर साधे आहे. कंपनी गादी आधी बनवते आणि गिऱ्हाईक नंतर शोधते. आपल्या दारात गिऱ्हाईक आधी येते आणि गादी नंतर भरली जाते. ही सोय कोणत्याही शोरूमकडे नाही. परंतु आपणच तिचा उपयोग करत नाही. गिऱ्हाईक आले की आपण दोनच प्रश्न विचारतो : "सिंगल की डबल?" आणि "किती किलो?" झोपणारा माणूस कसा आहे, हे विचारायचे राहूनच जाते.

कडक की मऊ?

"डॉक्टरांनी कडक गादी सांगितली आहे," हे वाक्य प्रत्येक गादीवाल्याने ऐकले आहे. मग आपण रुई ठासून भरतो आणि गादी लाकडी फळीसारखी होते. यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना ९० दिवस वेगवेगळ्या गाद्यांवर झोपवून पाहिले गेले. त्याचा अहवाल २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडल्याचे त्यात दिसले. कमरेचा इलाज डॉक्टरांनीच करावा. पण 'कडक म्हणजे दगड' हा समज आपण दूर करू शकतो.

एका कुशीवर झोपणाऱ्याचा सारा भार खांद्यावर आणि कुल्ल्यावर येतो. त्याला थोडी दबणारी गादी लागते. पाठीवर किंवा पोटावर झोपणाऱ्याला जरा घट्ट गादी मानवते. अंगाने भारी माणसाच्या गादीत मधल्या भागात रुई जास्त हवी, कारण खड्डा तेथेच पडतो. नवऱ्याला घट्ट आणि बायकोला मऊ आवडत असेल तर सहा बाय सहाची एक गादी भरण्याऐवजी सहा बाय तीनच्या दोन भरून द्याव्यात व वर एकच चादर टाकावी. उचलायला सोपे, उन्हात टाकायला सोपे आणि दोघांचीही झोप नीट.

घर पाहून गादी

चाळीतल्या किंवा झोपडपट्टीतल्या एका खोलीच्या घरात अंथरूण रोज सकाळी उचलावे लागते. चार इंच जाडीची सिंगल गादी दहा किलोच्या आसपास भरते. ती रोज उचलून रचणे घरातल्या बाईच्या कमरेवर येते. अशा घराला निम्म्या वजनाची, गुंडाळता येईल अशी पातळ गादी आणि खाली चटई सुचवावी. विक्री किलोने कमी होईल, पण तेच घर पुढच्या लग्नाला आपल्याकडेच येईल.

हवामानाचाही विचार हवा. कापूस पाणी शोषतो. ठरलेल्या प्रमाण हवेत १०० किलो कोरडा कापूस साधारण साडेआठ किलो ओलावा धरतो. पॉलिएस्टर अर्धा किलोही धरत नाही. म्हणून घामाच्या दिवसांत कापसाची गादी अंगाला सुखाची वाटते. परंतु याच गुणामुळे कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ती दमट होते व तिला वास येतो. गिऱ्हाइकाला सांगावे की सकाळी उठल्याबरोबर अंथरूण झाकू नये किंवा त्याची घडी घालू नये; थोडा वेळ हवा लागू द्यावी, रात्रीचा घाम उडून जातो. उघडीप मिळेल तेव्हा गादी उन्हात टाकावी आणि अधूनमधून उलटावी. नवी गादी खराब होईल म्हणून तिच्यावरचे प्लास्टिक तसेच ठेवण्याची सवय पुष्कळ घरांत असते. त्याने घाम आत कोंडतो. त्यापेक्षा धुता येणारी सुती खोळ आपणच शिवून द्यावी. गादीबरोबर खोळीचाही धंदा होतो.

व्यापाऱ्यासाठी यात आणखी एक हिशेब आहे. पावसाळ्यात वजनावर रुई घेणारा पाण्याचेही पैसे मोजतो. साठा करायचा असेल तर कोरड्या हवेत करावा आणि माल जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावा.

उशी आणि चादर

उशीकडे आपण गादीवरची फुकटची वस्तू म्हणून पाहतो. गादीतून उरलेली रुई उशीत जाते आणि गिऱ्हाईक मान धरून परत येते. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याच्या रुंदीइतकी उंच उशी लागते, पाठीवर झोपणाऱ्याला त्याहून कमी, पोटावर झोपणाऱ्याला अगदी पातळ. मऊ उशी मागणाऱ्यास सावरीचा कापूस द्यावा. त्याचा तंतू आतून पोकळ असल्याने उशी हलकी राहते व पाणी लवकर धरत नाही. मात्र तो तंतू निसटता असल्याने अभ्र्याच्या आत घट्ट विणीचे कापड हवेच. तान्ह्या बाळासाठी मोहरीची उशी पुष्कळ जण मागतात. पहिल्या वर्षी बाळाच्या डोक्याखाली उशी नको, सपाट व घट्ट गादीच बरी, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. ही गोष्ट विकणाऱ्यानेच सांगितली तर विश्वास वाढतो.

चादरवाल्यांनी एक साधे गणित करून पाहावे. डबल बेडची चादर बहुधा ९० इंच रुंद असते. पलंग ७२ इंच आणि गादी चार इंच जाड असेल तर दोन्ही बाजू धरून ८० इंच होतात. खोचायला प्रत्येक बाजूस पाच इंच उरतात. परंतु गादी आठ इंचांची असेल तर ८८ इंच होतात आणि खोचायला जेमतेम एक-एक इंच राहतो. त्यात सुती कापड पहिल्या धुण्यात तीन-चार इंच आटले की चादर रात्री निघून येणारच. गिऱ्हाईक दोष देते चादरीला. खरा दोष माप न विचारण्याचा असतो. जाड गादीवाल्यास १०८ इंची चादर द्यावी किंवा कोपऱ्यांना इलॅस्टिक लावून शिवून द्यावी.

पांघरुणाची आवडही घरागणिक बदलते. कोणाला आईच्या हातची गोधडी लागते, कोणाला ऐन उन्हाळ्यातही सोलापुरी चादर अंगावर असल्याशिवाय झोप येत नाही. सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. म्हणून दुसरीकडची चादर सोलापुरी नावाने विकणे आता नुसती लबाडी नाही, कायद्याचा भंगही आहे. जयपुरी रजईचे उदाहरण तर आपल्या घरचेच म्हणावे लागेल. तेथील कारागिरांत मन्सुरी कुटुंबे आहेत. रुई कमी, पिंजण बारीक आणि टाका सफाईदार, म्हणून ती हलकी रजई देशभर नावाजली. तिची किंमत रुईच्या किलोवर ठरत नाही, हातावर ठरते.

वजन समोर, रुई समोर

आता एक कडू गोष्ट. स्वस्त गादीत वर चार मुठी पांढरी रुई आणि आत शिंप्याच्या चिंध्या पिंजून भरायच्या, हा प्रकार धंद्यात चालतो. गादीपाट शिवला की आतले कोणाला दिसत नाही, असे भरणाऱ्यास वाटते. दुसऱ्या वर्षी गाठी होतात आणि ते घर सरळ फोमच्या शोरूममध्ये जाते. एकाच्या लबाडीचा भुर्दंड साऱ्या बाजाराला बसतो. चिंधीचा माल विकणे गुन्हा नाही. तो रुई म्हणून विकणे गुन्हा आहे. दोन्हींचे नमुने दुकानात उघडे ठेवावेत, भाव वेगळे लिहावेत आणि निवड गिऱ्हाइकाला करू द्यावी.

जुनी गादी पिंजायला आली की उघडण्यापूर्वी तिचे वजन गिऱ्हाइकासमोर करून चिठ्ठीवर लिहावे. पिंजताना धूळ आणि तुटके तंतू गळतात, म्हणून वजन घटते. हे आधीच सांगितले की संशयाला जागा राहत नाही. नवी रुई किती घातली, तेही त्याच चिठ्ठीवर यावे. आपल्या मालाची खरी ताकद येथेच आहे. दबलेला फोम पुन्हा फुगत नाही, तो फेकावाच लागतो. दबलेला कापूस उसवला, पिंजला की तंतू मोकळे होतात, त्यांत हवा भरते आणि गादी पुन्हा उभी राहते. एक गादी विकली म्हणजे पुढच्या पिंजणाची मजुरीही बांधून ठेवली, असे समजावे. त्यासाठी गिऱ्हाइकाचे नाव, गादीचे माप, वजन आणि घट्ट-मऊची आवड एका वहीत लिहून ठेवावी. दोन-तीन वर्षांनी आपणहून विचारावे : "गादी पिंजायची झाली का?"

स्वतःची छातीही सांभाळा

दुसऱ्याच्या झोपेची सोय करणारा कारागीर रात्रभर खोकत असतो, हेही लिहिणे आम्हाला जरूर वाटते. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्याने बिसिनोसिस नावाचा फुप्फुसाचा रोग होतो. सुटीनंतर कामावर येण्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, हे त्याचे सुरुवातीचे लक्षण. तोंडाला रुमाल बांधणे पुरत नाही. धूळ अडवणारा चांगला मास्क वापरावा. यंत्राजवळ हवा बाहेर टाकणारा पंखा बसवावा. पिंजणाच्या खोलीत विडी-सिगारेटला सक्त बंदी हवी, कारण उडती रुई ठिणगीनेही पेट घेते. मुलांना त्या खोलीत खेळू देऊ नये.

फोमच्या कंपन्या काही रात्री वापरून पाहा, नको असेल तर परत करा, असे सांगतात. म्हणजे गिऱ्हाइकाची आवड विचारात घ्यावी लागते, हे त्यांनाही कळले आहे. गल्लीतल्या गादीवाल्याला हे अधिक सोपे आहे. "आठ दिवस झोपून पाहा, घट्ट वाटली तर रुई काढून देतो, मऊ वाटली तर भरून देतो," असे त्याने सांगावे आणि ते पाळावे. त्याला त्यासाठी लागेल एक दाभण, थोडा दोरा आणि दुपारचा एक तास. आमच्या कारागीर बांधवांनी येत्या लग्नसराईपासून ही सुरुवात करावी, अशी आमची सूचना आहे.